तसबीर आधी कोणाला दाखवावी?

झाशीला जाणारा मराठी माणूस किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि नकळत एक चेहरा शोधू लागतो. तांब्यांची मुलगी नेवाळकरांच्या घरात सून म्हणून आली. आज तेथील रेल्वे स्थानकही तिच्या नावाने ओळखले जाते. परंतु ती दिसत कशी होती, हे खात्रीने सांगणारे काही शिल्लक आहे काय? चौकातील पुतळे शिल्पकारांच्या कल्पनेतून घडले आहेत आणि दिनदर्शिकांवरील चित्रे चित्रकारांच्या कल्पनेतून. पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेली राणी आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असते. पण चित्राने माणसाचे समाधान होत नाही. त्याला फोटो हवा असतो. चित्रकार कल्पना करू शकतो, कॅमेरा मात्र समोर असेल तेच टिपतो, अशी आपली भाबडी पण दृढ समजूत आहे.

ही भूक भागवणारे एक छायाचित्र २००९ च्या ऑगस्ट महिन्यात भोपाळ येथील एका प्रदर्शनात मांडण्यात आले. ते राणी लक्ष्मीबाईंचे असून १८५० साली कलकत्त्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ यांनी घेतले, असे सांगण्यात आले. वृत्तपत्रांनी ते छापले. लोकांनी ते कापून जपले, चौकटीत बसवले, हाराने सजवले आणि पुढे मोबाईलच्या काळात एकमेकांना पाठवले. लोकांचा कौल मागितला असता तर तो एकमुखी पडला असता.

पण छायाचित्रणाचा व्यवसाय आणि त्याचा इतिहास जाणणारा मनुष्य त्याच छायाचित्राकडे पाहून वेगळेच प्रश्न विचारतो. ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ ही पेढी कलकत्त्यात उभी राहिली ती १८८० नंतरच्या दशकात. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या त्या जून १८५८ मध्ये. मग ही सांगड बसते कशी? शिवाय १८५० साली छायाचित्र घेण्याच्या रीती मोजक्याच होत्या. एक, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवण्याची. तिची दुसरी प्रत निघत नसे. दुसरी, कागदी निगेटिव्हची. तिच्यात बारकावे पुसट येत. काचेवर कोलोडियनचा लेप देऊन स्वच्छ निगेटिव्ह मिळवण्याची रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केली ती १८५१ साली. तेव्हा मूळ प्रतिमा कशावर आहे, कोणत्या रीतीची आहे आणि मधल्या दीडशे वर्षांत ती कोणाकोणाच्या हातून गेली, हे कळल्याखेरीज जाणकार मान डोलावणार नाही. लोकांना हे छिद्रान्वेषण वाटते. “आम्हांला आमची राणी मिळाली आणि तुम्ही पत्रा आणि काच घेऊन बसलात,” असा त्यांचा सूर असतो.

छायाचित्राचे मोल कोणी ठरवावे, हा प्रश्न येथे उभा राहतो. ज्यांना ही कला हाताने येते अशा सहव्यवसायी जाणकारांनी, की ज्यांच्यासाठी छायाचित्र घेतले जाते त्या लोकांनी? प्रश्न वरवर कलेचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी सत्याचा आणि शेजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे, असे मला वाटते. म्हणून या पानांतून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

कोणी म्हणेल, खोटे असले तरी त्या छायाचित्राने कोणाचे काय बिघडले? लोकांचे प्रेम तर खरे आहे ना? प्रेम खरे आहे, यात शंका नाही. पण बिघडले ते दोघींचे. ते छायाचित्र राणीचे नसेल, तर ज्या राणीवर आपण प्रेम करतो तिचा चेहरा आपण एका परक्या चेहऱ्याखाली गाडून टाकला. आणि त्या कॅमेऱ्यासमोर जी कोणी स्त्री खरोखर बसली होती, कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी आई, तिचे नाव आपण कायमचे पुसून टाकले. आपल्या भक्तीची किंमत तिने मोजली. लोकांच्या पसंतीत असे कोणीतरी पुष्कळदा भरडले जाते आणि टाळ्यांच्या आवाजात ते कोणाला कळत नाही.

राणीला प्रत्यक्ष पाहिल्याचे लेखी पुरावे अगदीच नाहीत असे नाही. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर राणीने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी झाशीस बोलावले होते. पडदा क्षणभर बाजूला झाला तेव्हा त्याने तिला पाहिले. साधे पांढरे मलमलीचे वस्त्र आणि कानांतील सोन्याच्या कुड्या यांखेरीज अंगावर दागिना नव्हता, असे त्याने नोंदवले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या दिवसांत झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला, तो पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने वाचकांपुढे आला तो १९६६ साली. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने जे वाचले, ते वाचनीय होते पण जसेच्या तसे नव्हते. ते वेगळे करून दाखवण्याचे काम एका विद्वानाच्या संपादनावर दुसऱ्या विद्वानाने चिकाटीने केले. लोकांच्या पसंतीला ते साधले नसते.

छायाचित्रकारांनाही या परस्पर तपासणीची गरज फार लवकर उमगली होती. १८५४ साली, म्हणजे झाशी खालसा झाली त्याच वर्षी, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आपल्या देशातील अशी ती पहिलीच संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. अशा मंडळांची रीत आजही बरीचशी तीच आहे. सभासद आपले काम टेबलावर ठेवतो आणि इतर बोलतात. प्रकाश कोठून घेतलास? ही छाया अशी का पडली? हा हात कापला गेला तो नजरचुकीने की मुद्दाम? आकाशातले ढग याच काचेवरचे आहेत की दुसऱ्या? प्रश्न टोचतात. घरी बायकामुलांनी वाखाणलेला फोटो सभेत पाच मिनिटांत उघडा पडतो. पण जो मनुष्य ते घाव सोसतो, त्याचा हात सुधारतो. मित्राने केलेल्या जखमांविषयी नीतिसूत्रांत जे सांगितले आहे, ते वाचकांस ठाऊक आहेच.

या टीकेचे खरे मोल कौशल्यापुरते नाही. सहव्यवसायी मनुष्याला लबाडीच्या जागा माहीत असतात. लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, प्रकाश वाढवून रंग उजळ करायचा, याला स्टुडिओत ‘रिटचिंग’ म्हणत आणि गिऱ्हाईक त्यावर खूश असे. मुलीचे आईवडील खूश, फोटोवाला खूश, फोटो पाहणारे वरपक्षाचे लोकही खूश. मग पाहण्याचा कार्यक्रम होई आणि पाहुणे फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने पाहत. त्या क्षणी त्या मुलीच्या मनाला काय वाटले असेल? ज्या फोटोने सर्वांना संतुष्ट केले, त्याने तिला सांगितले की, तू आहेस तशी पुरेशी नाहीस. शेजारच्या गल्लीतल्या फोटोवाल्याने तो फोटो पाहिला असता तर पेन्सिल कोठे फिरली ते त्याने तत्काळ ओळखले असते. पण त्याला विचारतो कोण?

चेहऱ्याच्या भुकेची गोष्ट ख्रिस्ती माणसाला परकी नाही. प्रभू येशूच्या चेहरेपट्टीचे वर्णन चारही शुभवर्तमानांत कोठे नाही, आणि तरीही, किंवा म्हणूनच, प्रत्येक देशाने त्याचा चेहरा रंगवला. मे १८९८ मध्ये इटलीतील तुरीन शहरी सेकोंदो पिया या वकिलाने, जो हौशी छायाचित्रकारही होता, तेथील प्रसिद्ध प्रेतवस्त्राचे छायाचित्र घेतले. अंधाऱ्या खोलीत काच धुताना उलट्या प्रतिमेत एक स्पष्ट चेहरा उमटलेला पाहून तो चकित झाला. बातमी जगभर पसरली. भाविकांना आनंद झाला. पण छायाचित्रण जाणणाऱ्या काहींनी शंका घेतली की, काचेत काही गफलत झाली असावी, किंवा पियाने ती केली असावी. ही शंका त्याला तेहेतीस वर्षे वाहावी लागली. १९३१ साली जुझेप्पे एन्री या व्यावसायिक छायाचित्रकाराने त्याच वस्त्राची नव्याने छायाचित्रे घेतली. वृद्ध पिया त्या वेळी हजर होता. परिणाम तोच आला आणि पियाच्या प्रामाणिकपणावरचा डाग पुसला गेला.

या घटनेत दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. वस्त्र किती जुने, हा प्रश्न निराळा. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन परीक्षेत त्याचा काळ इ. स. १२६० ते १३९० असा निघाला आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. पण पियाने काच खोटी केली काय, हा प्रश्न त्याच्या सहव्यवसायिकाने सोडवला. भाविकांच्या जयघोषाने पिया निर्दोष ठरला नव्हता, कारण त्यांना काच कशी तयार होते हेच माहीत नव्हते. जाणकारांची टीका माणसाला दोषी ठरवू शकते, तशी ती त्याला मोकळेही करू शकते. लोकांची स्तुती यांपैकी दुसरे काम करू शकत नाही.

तर मग जाणकारांच्या हाती सर्व सोपवून आपण स्वस्थ बसावे काय? तसेही म्हणवत नाही, कारण जाणकारांच्या सभेला तिचे स्वतःचे रोग आहेत. काही वर्षांनी तिचे नियम धर्मशास्त्रासारखे कडक होतात. चौकटीचे तीन भाग कसे पडावेत, प्रकाशाची तिरीप कोठून यावी, हे ठरून जाते. मग सभासद परीक्षकांसाठीच फोटो काढू लागतात. सुरकुतलेला म्हातारा, चुलीच्या धुरातली बाई, उघडे नागडे मूल, हे बक्षिसांचे हुकमी विषय होतात. त्या म्हाताऱ्याचे नाव काय आणि त्या मुलाने त्या दिवशी काही खाल्ले होते काय, हे कोणी विचारीत नाही. त्यात मत्सर आहे, कंपू आहेत, एकमेकांची पाठ थोपटणे आहे. मुख्य म्हणजे ‘कसे’ या प्रश्नात गुंतलेला डोळा ‘का’ हा प्रश्न विसरतो.

याचे भयंकर उदाहरण झाशीच्याच काळातले आणि झाशीपासून फार दूरचे नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. पुढच्या वर्षीच्या वसंतात फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तेथे पोचला. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात भग्न इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात. जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, ते मृतदेह झाकले गेले होते आणि छायाचित्रकाराच्या आग्रहावरून ते पुन्हा उघडे करण्यात आले. इंग्लंडमधील लोकांना सूड उगवल्याचे दृश्य हवे होते; छायाचित्रकाराने ते मांडून दिले. निव्वळ कारागिरी पाहायची तर त्या छायाचित्रात बोट ठेवायला जागा नाही. प्रकाश स्वच्छ, रचना बांधेसूद, बारकावे स्पष्ट. फक्त कारागिरी तपासणारी सभा त्याला मोकळ्या मनाने उत्तीर्ण करील. अशा वेळी लोकांची पसंती आणि जाणकारांची पसंती हातात हात घालून चालू शकते, आणि मेलेल्याला पुन्हा उकरले जाते.

याउलट कधीकधी सामान्य वाचकच जाणकारांपेक्षा खोल प्रश्न विचारतो. मार्च १९९३ मध्ये केव्हिन कार्टर याने सुदानमधील दुष्काळात घेतलेले छायाचित्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आले: जमिनीवर कोसळलेले उपाशी मूल आणि मागे बसलेले गिधाड. वृत्तपत्राकडे वाचकांची विचारणा आली, आणि तिचा रोख एकच होता: त्या लेकराचे पुढे काय झाले? पुढच्या वर्षी त्या छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला. म्हणजे व्यवसायाने आपला कौल दिला. वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते. कार्टरने गिधाड हाकलल्याचे सांगितले, तरी त्याच्यावर कठोर टीका झाली. जुलै १९९४ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या मनावर इतरही ओझी होती; म्हणून त्याचा न्याय करण्याची घाई आपण करू नये. पुढे २०११ साली एका स्पॅनिश वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा कळले की, ते मूल मुलगा होता आणि तो त्या दुष्काळातून वाचला होता; त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो वारला. वाचकांनी दिलेले दूषण पुष्कळसे अन्यायाचे होते, पण त्यांचा प्रश्न योग्य होता. चौकटीतल्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारायला कॅमेऱ्याचे ज्ञान लागत नाही. माणसाचे मन लागते.

या सर्व उदाहरणांतून मला दिसते ते असे. आपण वाद घालतो तो दोन बाजूंचा, जाणकारांचा आणि लोकांचा. पण प्रत्येक छायाचित्रात तिसरा एक पक्षकार असतो आणि त्याला बहुधा कोणी विचारीत नाही: ज्याचे छायाचित्र घेतले तो. राणी, ती अनामिक स्त्री, लग्नाची मुलगी, सिकंदर बागेतले शिपाई, सुदानचा मुलगा. जाणकारांची टीका चांगली केव्हा? जेव्हा ती या तिसऱ्याच्या वतीने विचारते: तू याच्याशी खोटे तर वागला नाहीस ना? लोकांचा कौल चांगला केव्हा? जेव्हा तो या तिसऱ्याच्या वतीने विचारतो: तू याला माणूस म्हणून पाहिलेस ना? ज्या दिवशी दोघेही त्याला विसरतात, त्या दिवशी बक्षीस काय आणि टाळी काय, दोन्हींचे मोल सारखेच.

म्हणून छायाचित्र आधी कोणाला दाखवावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. लोकांपुढे ठेवण्याआधी ते एखाद्या स्पष्टवक्त्या सहव्यवसायिकाला दाखवावे, कारण आपण काय बदलले हे तो ओळखील आणि तोंडावर सांगेल. मग ज्याला या कलेतले काही कळत नाही, पण जगणे कळते, अशा एखाद्या म्हातारीला दाखवावे, कारण ती त्यातल्या माणसाविषयी विचारील. आणि शक्य असेल तेथे या दोघांच्याही आधी ते ज्याचे आहे त्याला दाखवावे. त्याने मान खाली घातली तर ते छायाचित्र पेटीतच राहू द्यावे, मग ते कितीही सुंदर असो.

हा उपदेश केवळ छायाचित्रकारांसाठी आहे, असे कोणी समजू नये. आज घराघरात कॅमेरा आहे. बारसे, लग्न, दफनविधी, मंडळीचा सण आणि गरिबांना केलेली मदत, सारे काही टिपले जाते आणि किती जणांना आवडले याचा आकडा लगोलग हाती येतो. धान्याची पिशवी देताना घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवणारे हात आपल्यातही आहेत. देणारा जगाला दिसावा, म्हणून घेणाऱ्याला उघडे करायचे, हा बिआतोच्याच रीतीचा सौम्य अवतार होय. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याविषयी आपल्या प्रभूने जे शिकवले, त्याची आठवण येथे पुरेशी आहे.

आता तर संगणक मागाल तो चेहरा रचून देतो. राणी लक्ष्मीबाईंचा ‘खरा’ फोटो मागणाऱ्याला तो क्षणात दहा चेहरे देईल आणि दहाही लोकांना आवडतील. अशा दिवसांत पत्रा आणि काच यांविषयी विचारणाऱ्या किरकिऱ्या जाणकाराची आपल्याला पूर्वीपेक्षा अधिक गरज आहे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतका धीर धरणाऱ्या लोकांची त्याहूनही अधिक.

झाशीच्या किल्ल्यावरून खाली शहर दिसते. जिने हे शहर राखण्यासाठी प्राण दिले तिचा खात्रीचा फोटो आपल्यापाशी नाही. तसे मोकळेपणाने म्हणावे, त्यात तिचा अपमान नाही. घरातील एखादी चौकट रिकामी राहिली तर राहू द्यावी. परक्या बाईचा चेहरा तिच्यात बसवू नये.